कॅन अर्धाच भरला होता

लोक भाईंदरला कशासाठी राहायला आले ते त्यांनाच विचारा. कुणाला मोठी जागा हवी होती, कुणाला भावाभावांत वेगळं व्हायचं होतं, कुणाला गॅलरीत तुळस लावायची होती. आम्ही आलो ते संडासासाठी. हसायचं तर हसून घ्या, पण खरं तेच आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास होते, आणि मला आत जेवढा वेळ लागायचा तेवढा द्यायची कुणाचीच तयारी नव्हती. बाहेरून दार वाजायचं. "काय गं, झोपलीस का आत?" शेवटी बाबांनी चाळीतली खोली विकली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी जेसल पार्कमध्ये ब्लॉक घेतला. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि आमचं स्वतःचं संडास-बाथरूम. मी तेव्हा कॉलेजात होते. घर बघायला गेलो तेव्हा आई ओटा बघत होती, बाबा भिंतीला ओल आहे का बघत होते, आणि मी सरळ बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून उभी राहिले. कुणी दार वाजवलं नाही. मला तिथून निघावंसंच वाटेना.

माझी खोड जन्मजात होती. किडनीतून खाली येणाऱ्या दोन्ही नळ्या मूत्राशयाला जिथे आणि जशा जुळायला हव्यात तशा जुळल्याच नव्हत्या. त्यामुळे लघवी बाहेर जायच्या ऐवजी थोडी उलटी वर चढायची, आणि मूत्राशय पुरतं रिकामं कधी व्हायचंच नाही. लहानपणी मला सारखा थंडी वाजून ताप यायचा. डॉक्टर कधी मलेरियाचं औषध द्यायचे, कधी टायफॉइडचं, आणि शेजारणी दृष्ट काढायच्या. खरा प्रकार कळला तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते, आणि तोवर दोन्ही किडन्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. पुढे औषधांवर काही वर्षं निघाली. नोकरीला लागले आणि किडन्यांनी राम म्हटला. मग सुरू झालं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा मुंबईला जायचं, मशीनला हात जोडून पडायचं, आणि मधल्या दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा हात आखडून घ्यायचा.

आता पाण्याचं ऐका. स्वतःचं संडास-बाथरूम मिळालं, पण भाईंदरला तेव्हा नळाला पाणी म्हणजे आलं तर आलं. टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली, आणि तिथे जी भांडणं व्हायची त्यात मराठी, गुजराती, हिंदी, कुठलीही भाषा मागे राहायची नाही. मी भांडणात पटाईत झाले ती तिथेच. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

किडनी बदलायची तर माझ्या बाबतीत एक वेगळीच मेख होती. पहिल्या डॉक्टरांनी हात वर केले. म्हणाले, अशा पेशंटचं आम्ही करत नाही. दुसरे भेटले ते सर्जन जरा तिरसट होते, पण मला तिरसट माणसं बरी वाटतात, ती निदान खरं बोलतात. त्यांनी माझे एक्स-रेचे फोटो उजेडाकडे धरून बघितले आणि म्हणाले, "तुला नवी किडनी बसवून उपयोग काय? तुझ्या किडन्या काही आपल्या आपण नाही मेल्या. तुझ्या मूत्राशयाने मारल्या. ते नवीलाही सोडणार नाही." मी विचारलं, मग मूत्राशय सुधारता येतं का. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, येतं. आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं करता येतं, पण मग ते आपलं आपण रिकामं होणार नाही. दर दोन-तीन तासांनी स्वतःच्या हाताने नळी घालून रिकामं करायचं. जन्मभर. एक वेळ चुकवलीस तरी नव्या किडनीवर बेतेल. "आधी वर्षभर मला हे करून दाखव. आणि किडनी देणारं माणूस आण. या दोन गोष्टी असतील तर मी करीन, नाहीतर नाही."

ते ऑपरेशन झालं. मग वॉर्डातल्या सिस्टरने आरसा धरून मला नळी घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी मला लाजेने रडू आलं. दुसऱ्या दिवशी दुखलं म्हणून रडू आलं. तिसऱ्या दिवशी माझा मलाच राग आला, की बाई, तू मरायला टेकलीयेस आणि लाजतेयस कुणाला? त्यानंतर मी त्या बाबतीत कधी रडले नाही.

मी भाईंदर पूर्वेलाच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बिलं टाइप करायचे. तिथे पन्नास माणसांत एक बाथरूम, त्याला कडी नाही, आत पॉलिशची काळी माती. मी सेठच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "सेठ, बाथरूम को कडी लगवा दो. और मैं हर दो-तीन घंटे में जाएगी, टाइम लगेगा, कोई दरवाजा नहीं बजाएगा. किडनी का बीमारी है." सेठ खुर्चीत चुळबुळले. बायकांनी अशी वाक्यं त्यांच्यासमोर कधी बोलली नसावीत. "अरे बेन, ठीक छे, ठीक छे," म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत कडी लागली. नळ्या ठेवायला मला त्यांनी एक झाकणाचा डबाही दिला, आरशासारखा चकचकीत. रोज पहाटे मी पाणी उकळायचे, नळ्या उकळायचे, डब्यात भरायचे आणि कामाला निघायचे. टँकर आला नाही तर पिण्याचं पाणी कमी करायचे, पण हात धुवायचं कधी कमी केलं नाही.

नातेवाइकांकडे, लग्नात, देवळात, कुठेही गेले की आधी विचारायचं, तुमच्याकडे बाथरूम कुठेय? एकदा तर तारोडीला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, तिथे परक्या घरात शिरून मी म्हाताऱ्या बाईला दारात उभं केलं आणि म्हटलं, आजी, कुणाला आत येऊ देऊ नका. बिचारी काठी आडवी धरून उभी राहिली. वर्ष गेलं. सर्जननी तपासण्या केल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं ऐकणं म्हणजे सुवर्णपदकच.

आता आईबद्दल सांगायला हवं.

किडनी कुणी द्यायची हा प्रश्न आमच्याकडे पडलाच नाही. मी एकुलती एक. बाबांना साखर, त्यांना डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. आई म्हणाली, "माझी घ्या." कुकर लावायचाय का विचारल्यावर लाव म्हणावं तसं म्हणाली. रक्तगट जुळला. सगळे तिचं कौतुक करायला लागले. काशीगावची भाजीवाली आमच्या दारात टोपली उतरवायची, ती म्हणाली, "आईचं काळीज हाय बाय, त्याला तोड न्हाय." आईला ते कौतुक सोसायचं नाही, ती उठून आत जायची.

पण आई म्हणजे सोवळ्याओवळ्याचा कळस. गिरगावात असतानाही तिचं बाकीच्या बायकांच्या वरताण असायचं. स्वयंपाकघरात देवघर, आणि त्या देवघराच्या तीन हात परिघात कुणी पारोसं फिरकायचं नाही. माझं नळ्या उकळण्याचं पातेलंसुद्धा तिने वेगळं करून गॅलरीत ठेवलं होतं. माझ्या त्या सगळ्या कारभाराला तिने कधी नावही दिलं नाही. "तुझं ते झालं का?" एवढंच विचारायची, तेही पाठमोरी. मी चिडायचे. म्हणायचे, आई, त्याला लघवी म्हणतात. ती म्हणायची, कळतं मला, जेवताना कशाला?

देणाऱ्याच्या किडन्या धड आहेत का हे बघायला हॉस्पिटलने तिला एक पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा प्रत्येक थेंब त्या कॅनमध्ये भरून आणायचा. त्यावरून किडनीचं काम किती चालतंय ते कळतं. आईने मान डोलावली. तारीख मिळाली ती नेमकी गौरीपूजनाची. मी म्हटलं, बदलून घेऊ का? आई म्हणाली, कशाला, होईल सगळं.

गौरीपूजनाच्या दिवशी मला डायलिसिस होतं. बाबा माझ्याबरोबर. आई घरी एकटी, दोन उभ्या गौरी, सोळा भाज्या, पुरणपोळ्या आणि दर्शनाला येणाऱ्या बिल्डिंगमधल्या बायका. आम्ही परत आलो तेव्हा ती दमून भिंतीला टेकून बसली होती. गौरी इतक्या सुंदर दिसत होत्या की मीसुद्धा हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कॅन कापडी पिशवीत घातला आणि हॉस्पिटलात पोचवला.

रिपोर्ट वाईट आला. तरुण डॉक्टरांनी आईला विचारलं, "सगळं गोळा केलं होतं ना? नक्की?" आईने मान हलवली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, यांच्या किडन्यांचं काम कमी आहे. अशा माणसाची एक किडनी काढली तर उद्या यांनाच डायलिसिसवर बसावं लागेल. यांची घेता येणार नाही. दुसरं कुणी आहे का?

दुसरं कुणीच नव्हतं. आणि माझ्याकडे वाट बघायला फारसा वेळही नव्हता. डायलिसिससाठी हाताची जी शीर तयार केली होती ती बंद पडत चालली होती. एका हातावरची आधीच गेली होती, आता ही दुसऱ्या हातावरची होती. तीही गेली तर पुढे काय, यावर डॉक्टर गप्प बसायचे, आणि डॉक्टर गप्प बसले की काय समजायचं ते मला तोवर समजायला लागलं होतं. त्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो. बाबांनी चहा आणला. आईने तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

मी तिच्या कपाकडे बघत राहिले. आई म्हणजे चहाबाज बाई. सकाळी दोन, अकरा वाजता एक, दुपारी उठल्यावर एक, कुणी आलं की आणखी. उपासालाही चहा चालायचा तिला. आणि रिपोर्टवर लिहिलं होतं ते माप तर माझ्यासारख्या मेलेल्या किडन्यांच्या बाईलाही लाजवेल एवढं कमी होतं. माझं अर्धं आयुष्य मापात गेलेलं. असं कसं होईल?

घरी गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती पाटावर बसून मेथी निवडत होती.

"आई, कॅनमध्ये सगळं भरलं होतंस?"

"हो की."

"सगळं? दुपारचंसुद्धा?"

"अगं हो म्हटलं ना."

"मग एवढंच कसं? दिवसभर चहा पितेस ते जातं कुठे?"

ती काड्या तोडत राहिली. मी तिच्या पुढ्यातलं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. तेव्हा ती म्हणाली, "सकाळचं पहिलं टाकलं, नंतरचं भरलं. मग आंघोळ करून सोवळ्यात गेले. गौरी बसल्या होत्या घरात. त्यांचा नैवेद्य माझ्या हाताने व्हायचा, आणि त्याच हाताने मी तो कॅन धरू? प्रत्येक वेळी आंघोळ करायला पाणी तरी होतं का? रात्री बायका गेल्यावर परत भरलं. मधलं नाही भरलं. म्हटलं, थोडं इकडेतिकडे झालं तर काय होतंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर मी पन्नास पुरुषांच्या बाथरूममध्ये, परक्यांच्या घरात, कुठे कुठे आणि कसे कसे दिवस काढत होते, आणि हिने दोन मुखवट्यांसाठी सगळ्यावर पाणी ओतलं. मला वाटलं तेच बोलले मी. म्हटलं, "सरळ सांग ना, तुला द्यायचीच नव्हती."

आई उठली नाही, रडली नाही. पाटावरच बसून म्हणाली, "भीती वाटते. कुशीत सुरी घालणार म्हटल्यावर कुणाला नाही वाटणार? पण द्यायची नव्हती असं म्हणू नकोस. ते खरं नाही."

मग तिने मला जे सांगितलं ते तोवर तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. तिच्या सासूबाई गावाला होत्या. चाळीतल्या बायकांनी बजावलं होतं, की पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरायचं नाही, हात पाय आखडून एका जागी बसायचं. आई तेव्हा वीस-बावीसची. तिला वाटलं, कोण बघतंय? बाबा कामावरून भुकेले आले होते. तिने विळी काढली आणि शेवग्याच्या शेंगा चिरल्या. एकसारखे तुकडे केले, आमटी केली, आणि विसरून गेली. पुढे कितीतरी वर्षांनी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, या मुलीच्या दोन नळ्या जन्मतःच चुकीच्या जागी आहेत. आईला त्या कागदावर शेंगा दिसल्या.

"तेव्हापासून मी एकही नेम मोडला नाही," ती म्हणाली. "एकदा मोडला तर तुझ्या अंगावर आलं. आता परत मोडायला धजत नाही मी. गौरींसमोर तुझंच मागत होते दिवसभर. त्यांच्यासमोर ते कसं करू?"

मी खाली तिच्यासमोर बसले. माझा राग कुठे गेला कळलं नाही, पण गप्प बसण्याचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, अगं, हे होतं ते पोटात अगदी सुरुवातीला होतं, डॉक्टरांनी सांगितलंय मला. ग्रहणाचा काय संबंध? शेंगा चिरून नळ्या चुकायला लागल्या तर अख्ख्या कोकणात धड माणूस सापडायचं नाही. ती नुसती ऐकत होती. मी सांगितलेलं तिच्या कानापर्यंत जात होतं, पुढे नाही.

बाबा दारात उभे होते. ते कधी आले आम्हाला कळलं नव्हतं. म्हणाले, "त्या दिवशी शेंगांची आमटी मीच मागितली होती. मला आठवतंय." आई त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने तो भार एकटीने उचलला होता, आणि बाबांना त्याची गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी हॉस्पिटलात जाऊन उभी राहिले. तरुण डॉक्टर म्हणाले, तुमच्या आईनेच सांगितलं ना, सगळं भरलं म्हणून? म्हटलं, सांगितलं, पण खोटं सांगितलं. का सांगितलं ते तुम्हाला समजायचं नाही, समजलं तरी लिहायचं नाही, परत टेस्ट करा. ते टाळाटाळ करायला लागले. मी तिथल्या बाकावर बसले आणि नळीची वेळ सोडली तर उठले नाही. शेवटी तिरसट सर्जन राउंडला आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकदा करू. एकदाच. आणि लगेच, मी पुढच्या महिन्यात परदेशी जातोय, मग बरेच दिवस नाही." त्यांनी तारीख दिली.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. नवरात्र. आमच्याकडे घट बसतात, नऊ दिवस अखंड दिवा, आणि आई नऊ दिवस सोवळ्यात. गौरींचं परवडलं, देवीचं आमच्या घराण्यात फारच कडक. पाण्याची तर बोंबच, टँकर एक दिवसाआड येत होता. प्रत्येक वेळी आंघोळ करून परत सोवळ्यात जायचं म्हटलं तर सगळ्या बिल्डिंगचं पाणी पुरलं नसतं.

मी आईला म्हटलं, दसऱ्यानंतरची तारीख मागते. ती म्हणाली, "देतील?" मी म्हटलं, नाही देणार बहुतेक. ती म्हणाली, "मग नको मागूस."

बाबा म्हणाले, यंदा घट नको बसवूया. ती त्यांच्यावरही उखडली. म्हणाली, घट बसणार.

घट बसले. टेस्टच्या दिवशी आई नेहमीसारखी अंधारात उठली. न्हाली, रेशमी साडी नेसली, दिव्यात तेल घातलं, घटाला माळ चढवली. मग बाथरूममधून कॅन आणला. मला वाटलं ती तो गॅलरीत माझ्या पातेल्याशेजारी ठेवेल. तिने तो स्वयंपाकघरात आणला आणि देवघराच्या अगदी समोर, घटापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला. मी दारातच उभी राहिले. मी एवढी देवाधर्माची टवाळी करणारी, पण खरं सांगते, मीच तिला अडवलं. मी म्हटलं, आई, इथे नको, बाथरूममध्येच राहू दे की.

"इथेच राहील," आई म्हणाली. "चोरून नाही करायचं मला. तेव्हा कुणी बघत नाही म्हणून मोडलं होतं. आज तिच्या डोळ्यांदेखत मोडतेय. लागू दे काय लागायचं ते मला. तू मध्ये बोलू नकोस."

आणि तिने तसंच केलं. दिवसभर दर वेळी कॅन उचलून न्यायची, आणून परत तिथेच ठेवायची, हात धुवायची आणि त्याच सोवळ्यात पुढचं काम करायची. बिल्डिंगमधल्या दोघीजणी ओटी भरायला आल्या, त्यांना तो दिसला. एकीने विचारलं, हे काय? आई म्हणाली, "माझी लघवी आहे. मुलीला किडनी द्यायचीये, त्याची टेस्ट आहे." त्या बाईने ओटी भरली आणि चहाही न घेता गेली. मी बेडरूममध्ये तोंडावर उशी दाबून हसले, आणि हसता हसता रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन जड झाला होता. बाबांनी तो उचलला तेव्हा त्यांना हात बदलावा लागला. आई देवघरासमोर गेली. हात जोडले नाहीत. घटाकडे बघत नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं मी केलंय. आता तुझं तू कर."

रिपोर्ट चांगला आला. चांगला म्हणजे, सर्जन म्हणाले, यांच्या वयाच्या मानाने उत्तम. त्यानंतरच्या बाकीच्या तपासण्यांतही काही निघालं नाही, आणि ते परदेशी जायच्या आधीच आम्हा दोघींना एकाच दिवशी आत घेतलं. आधी आई. स्ट्रेचर नेताना तिने माझ्याकडे बघितलं आणि बाबांना म्हणाली, "हिने काही खाल्लं नाहीये, हिच्याकडे लक्ष ठेवा." ऑपरेशनच्या आधी मी कशी खाणार? पण आईला हे कोण सांगणार.

माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला तिची किडनी बसवली. शुद्धीवर आले तेव्हा सर्जन पायाशी उभे होते. म्हणाले, टेबलावरच चालू झाली. आता तिला सांभाळणं तुझ्या हातात. मी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली की नाही कोण जाणे.

थंडी सुरू झाल्यावर मी घरी आले. आई आधीच आली होती, कुशीवर हात धरून चालायची. मला कुणात मिसळायला बंदी, तोंडाला फडकं, आणि काहीही करायच्या आधी साबणाने हात धुवायचा कडक नियम. तो नियम मी घरात सगळ्यांना लावला होता. आता मी पोटभर पाणी पीत होते, आणि नळीने निघेल ते सगळं मापाच्या भांड्यात घेऊन बघायचं होतं.

एका संध्याकाळी मी बाथरूममधून भांडं घेऊन बाहेर आले तर आई दाराशीच उभी. एवढ्या वर्षांत ती त्या दाराशी कधी थांबली नव्हती. म्हणाली, "बघू."

मी भांडं पुढे केलं. काठोकाठ भरलं होतं. तिने ते माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतलं आणि गॅलरीच्या उजेडात नेऊन बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही माझ्या किडनीने केली?"

"हो. तुझ्याच."

तिने ते स्वतःच्या हाताने ओतलं, भांडं विसळलं, पालथं घातलं. दिवेलागणीची वेळ झाली होती. ती पदराला हात पुसत तशीच देवघराकडे वळली आणि काडेपेटी उचलली. मी मागून ओरडले, "आई, आधी हात धू."

आईने वळून बघितलं. म्हणाली, "कशाला? माझंच तर आहे."

आणि तिने दिवा लावला.